जुनं सिनेगॉग बघायला जाताय? आत गेल्यावर काय बघायचं, कोणत्या क्रमाने बघायचं

देशात सगळ्यात जास्त सिनेगॉग, म्हणजे ज्यू लोकांची प्रार्थनास्थळं, आपल्या महाराष्ट्रात आहेत, मुंबई, ठाणे, पुणे आणि रायगड एवढ्याच पट्ट्यात, आणि तरी बहुतेक लोक काळा घोड्याला गेले की तिथल्या सिनेगॉगसमोर उभं राहून फोटो काढतात आणि पुढे कॉफी प्यायला जातात. फोटो काढा की, त्याला ना नाही. पण सिनेगॉग ही वास्तू बाहेरून कळतच नाही. देवळाचं शिखर किंवा मशिदीचा मिनार लांबून सांगतो की आत काय आहे, सिनेगॉगला असं बाहेरचं ठरलेलं रूप नाहीये, धर्माने जे काही ठरवून दिलंय ते सगळं आतलं आहे. बाहेरचं रूप ठरवलं ते बांधणाऱ्याच्या पैशाने, त्या काळाच्या फॅशनने आणि गावात मिळणाऱ्या दगड-विटांनी. म्हणून माझं सांगणं एकच आहे, आत आधी बघा, बाहेरून शेवटी बघा.

आधी जायच्या तयारीचं. शनिवार हा शब्बाथ, ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी रात्रीपर्यंत. त्या वेळात प्रार्थना असते, नुसतं बघायला जायचं नाही आणि मोबाईल तर बाहेरच काढायचा नाही. रविवार ते गुरुवार दिवसा जाणं उत्तम. वर्षात दोन काळ टाळा, एक म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरमधले तीनेक आठवडे, कारण ज्यू नवीन वर्ष, योम किप्पूर आणि सुक्कोथ सगळे तिथे एकापाठोपाठ येतात, आणि दुसरा मार्च-एप्रिलमधला पेसाह या सणाचा आठवडा. आपल्याकडच्या बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंच्या, घरांमध्ये या सणांना अस्सल मराठी नावं आहेत, नव्याचा सण, खिरीचा सण, दारफाळणीचा सण, शिळा सण, आणि श्रावणाच्या आसपास येतो तो बिरड्याचा रोजा. दारफाळणीचा सण म्हणजे योम किप्पूर, वर्षातला सगळ्यात कडक उपास, त्या दिवशी पांढरे कपडे घालून दिवसभर सिनेगॉगमध्ये बसतात. अशा दिवशी पाहुणे नकोच.

ओळखपत्र बरोबर ठेवा, आधार किंवा पासपोर्ट, मूळ प्रत. 2008 च्या हल्ल्यात मुंबईतल्या नरिमन हाऊस या ज्यू केंद्राला जे झालं त्यानंतर मुंबई-पुण्याच्या सिनेगॉगबाहेर पोलीस असतात, नाव-पत्ता लिहून घेतात, बॅग तपासतात, कधीकधी बॅग बाहेरच ठेवायला लावतात. पुण्यात तर आधी परवानगी घेतल्याशिवाय आत सोडतील याची खात्री धरू नका. यावर चिडून वाद घालणारे लोक बघितलेत आणि खरंच वाईट वाटतं, त्या लोकांनी काय सोसलंय हे लक्षात घ्या आणि शांतपणे सही करा. पुरुषांनी डोकं झाकायचं, तिथे किप्पा, म्हणजे ज्यूंची छोटी गोल टोपी, मिळते पण खिशातला रुमाल किंवा साधी टोपीही चालते. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, सगळ्यांचेच. चपला काढायच्या का हे दाराशी विचारा, कोचीच्या ‘परदेशी’ नावाच्या सिनेगॉगमध्ये काढाव्या लागतात, मुंबईत बहुतेक ठिकाणी नाही.

आत सोडणारा माणूस बहुतेक वेळा शमाश असतो, म्हणजे वास्तूची देखभाल करणारा. घाईत असला तरी त्याच्याशी दोन मिनिटं नीट मराठीत बोला. त्याला वास्तू पाठ असते, आणि कुठला दिवा कधी लागतो, कुठलं बाक कुणाच्या घराण्याचं हे तो सांगतो तेव्हाच कळतं. जुन्या पद्धतीत बेने इस्रायली सिनेगॉगचा कारभार बघणारा मुकादम, त्याच्या जोडीला चौगुले, हिशोबाला गब्बाई आणि प्रार्थना म्हणणारा हझान अशी रचना असायची. मुकादम आणि चौगुले हे तर सरळ आपल्या गावगाड्यातूनच आलेत, कोकणात शतकानुशतकं राहिलेल्या माणसांनी आपलं प्रार्थनास्थळ चालवायला आपल्याच गावाची व्यवस्था उचलली.

आता दारात उभे आहात असं धरू. चौकटीच्या उजव्या बाजूला, खांद्याच्या उंचीच्या आसपास एक छोटी उभट डबी ठोकलेली दिसेल, ती मेझुझा. आत चामड्याच्या पट्टीवर हाताने लिहिलेली हिब्रू वचनं असतात. येणारे-जाणारे तिला बोटं लावून ओठांना लावतात. तुम्ही लावायला पाहिजे असं काही नाही, पण धक्का लागू देऊ नका, चौकटीला टेकून उभे राहायची आपली सवय असते ना, ती इथे नको.

आत पाऊल टाकलं की पहिलं काम म्हणजे फोनमधला कंपास उघडा, फोन काढायची परवानगी असेल तरच अर्थात. प्रार्थना जेरुसलेमकडे तोंड करून करायची हा नियम, आणि मुंबईहून जेरुसलेम पश्चिमेला, जरासं वायव्येकडे झुकून. म्हणून आपल्याकडच्या सिनेगॉगमध्ये सगळ्यात महत्त्वाची भिंत पश्चिमेची. युरोपात हीच भिंत पूर्वेला येते, नियम तोच आणि दिशा उलटी. बऱ्याचदा प्लॉट वाकडातिकडा असतो, रस्ता भलतीकडून येतो, तरी हेखालाची, म्हणजे धर्मग्रंथाच्या कपाटाची, भिंत पश्चिमेला आणण्यासाठी बांधणाऱ्यांनी दार कुठल्यातरी अडनिड्या बाजूला ढकललेलं दिसतं, आणि हे एकदा लक्षात आलं की अख्खा प्लॅन उलगडतो. त्यामुळे शिरल्या शिरल्या दार कुठल्या दिशेला आणि हेखाल कुठल्या दिशेला हे आधी बघून घ्या.

हेखाल म्हणजे त्या भिंतीतलं उंच कपाट, पुढे मखमलीचा किंवा रेशमी, जरीकाम केलेला पडदा, त्याला पारोखेत म्हणतात. वर बहुतेक ठिकाणी दोन पाट्या जोडल्यासारखा आकार दिसतो, त्यावर दहा आज्ञांचे पहिले शब्द असतात. मूर्ती नाही, माणसाचं चित्र नाही, कुठेच नाही, सगळी सजावट अक्षरं, तारे, वेलबुट्टी आणि प्रकाश यांच्यावरच. पडद्यामागे सेफेर तोरा असतात, म्हणजे ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथाच्या, तोराच्या, हाताने चर्मपत्रावर लिहिलेल्या गुंडाळ्या, परंपरेने एका तोराची अक्षरं मोजलेली आहेत 3,04,805, आणि त्यातलं एक जरी तुटलं किंवा पुसलं गेलं तर दुरुस्त होईपर्यंत ती गुंडाळी वाचनाला वापरत नाहीत. आपल्याकडे बगदादी, म्हणजे बगदादकडून आलेले ज्यू, आणि बेने इस्रायली दोन्ही समाजांत ही गुंडाळी कापडात न गुंडाळता लाकडी किंवा चांदीने मढवलेल्या गोल पेटीत उभी ठेवतात. ती पेटी बिजागरीवर मधोमध उघडते, आणि वाचताना आडवी टाकायची नाही, तशीच उभी ठेवून, आतली चर्मपत्राची पट्टी फिरवत फिरवत वाचतात. अक्षरांना बोट लागू नये म्हणून हातात चांदीची बारीक काडी, तिच्या टोकाला छोटा हात आणि पुढे केलेलं एक बोट. पेटीच्या डोक्यावर डाळिंबाच्या आकाराचे चांदीचे तुरे बसवतात, त्यांना घुंगरू असतात, तोरा बाहेर काढली की आधी तो आवाज येतो. प्रार्थनेच्या वेळी हे बघायला मिळणं हा मान आहे, एरवी हेखाल उघडून दाखवा म्हणून हट्ट करू नका.

मग मागे वळा आणि हॉलच्या मधोमध बघा. कठडा असलेला लाकडी चौथरा, दोन-तीन पायऱ्या चढून वर जायचं, हा तेबा, काही जण बिमा म्हणतात. वाचन इथून होतं. बाकं हेखालाकडे रांगेने तोंड करून नसतात, भिंतींना लागून तेबाच्या भोवती असतात, म्हणजे लोक एकमेकांकडेही बघतात. जगात बऱ्याच ठिकाणी एकोणिसाव्या शतकात हा चौथरा पुढे हेखालापाशी सरकवला गेला, आपल्याकडे तो मधेच राहिला, आणि मला स्वतःला ही मांडणी जास्त आवडते कारण वाचणारा लोकांच्या पुढे उभा न राहता लोकांमध्ये उभा राहतो. तेबाच्या कठड्याचं लाकूडकाम जवळून बघा. बेने इस्रायली लोक मुंबईत आले ते सुतार, गवंडी, सैनिक म्हणून, घरात तेलाचा घाणा होताच, शनिवारी घाणा बंद म्हणून कोकणात त्यांना शनवार तेलीच म्हणायचे. जुन्या कठड्यांच्या कातीव खुंट्या आपल्या कोकणातल्या घरांच्या माडीच्या कठड्यांची आठवण करून देतात.

तिथेच आसपास, भिंतीपाशी किंवा हेखालाच्या बाजूला एक किंवा दोन उंच पाठीच्या खुर्च्या दिसतील ज्यांवर कोणी बसत नाही. ही एलियाहू हनाबीची खुर्ची. मुलाची सुंता आठव्या दिवशी होते तेव्हा संदेष्टा एलियाहू हजर असतो ही श्रद्धा, म्हणून एक खुर्ची त्याची आणि एक बाळाला मांडीवर घेऊन बसणाऱ्याची. चुकूनही टेकू नका. बेने इस्रायली लोकांचं या एलियाहूशी नातं एकदम घरातलं आहे, लग्न ठरलं, नवस फेडला, बाळ झालं, परदेशी जायचंय, की मलिदा करतात, भिजवलेले पोहे, खवलेला नारळ, साखर, वेलची, सुकामेवा, भोवती फळं, आणि एलियाहूचं गाणं म्हणून मग वाटतात. अलिबागजवळ खंडाळे गावात एक कातळ आहे, एलियाहू स्वर्गात गेला तेव्हा त्याच्या रथाच्या चाकाची आणि घोड्याच्या टापांची खूण तिथे उमटली असं मानतात, तिथेही लोक नवस फेडायला जातात.

मान वर करून दिवे बघायचे विसरू नका. हेखालासमोर एक दिवा कायम तेवत असतो, नेर तामिद, आजकाल बऱ्याच ठिकाणी विजेचा. पण जुन्या सिनेगॉगमध्ये छतावरून साखळ्यांनी लोंबणारे काचेचे पेले अजून आहेत. त्यांची पद्धत अशी की पेल्यात खाली पाणी, वर तेल, तेल पाण्यावर तरंगतं आणि वात तेलात. तेल संपलं की वात पाण्याला लागून आपोआप विझते, काच तापून तडकत नाही. कुणाच्या तरी आईवडिलांच्या पुण्यतिथीला त्यांच्या नावाने पेला लावतात, म्हणून काही पेले लागलेले आणि काही रिकामे असं दिसतं.

यानंतर जिना शोधा. बायकांची गॅलरी वर असते, तीन बाजूंनी, तेबा आणि हेखाल दोन्ही दिसतील अशी, आणि जिना बहुतेक वेगळा, कधीकधी बाहेरून. परवानगी मिळाली तर नक्की वर जा. वरून एका नजरेत सगळं कळतं, पश्चिमेची भिंत, मधला चौथरा, भोवतीची बाकं. खाली उभं राहून जे तुकड्या-तुकड्यांत दिसत होतं ते वरून नकाशासारखं उलगडतं. गॅलरीचे खांब, तुळया, छताचं काम हेही वरूनच नीट बघता येतं. लाकडी जिना जुना असेल तर एकेकाने चढा.

आता पाट्या, आणि माझ्या मते बघायला गेलेल्यांपैकी दहातले नऊ जण नेमक्या याच सोडतात. भिंतींवर संगमरवरी पाट्या असतात, हिब्रू, मराठी, इंग्रजी अशा भाषांत, अमक्याने अमक्याच्या स्मरणार्थ अमुक दिलं वगैरे. मराठी वाचा, आडनावं वाचा, दिवेकर, पेणकर, किहीमकर, रोहेकर, अष्टमकर, नवगावकर, वाकरूळकर, अख्खा अलिबाग-पेण-रोहा तालुका त्या भिंतीवर आहे. कोण कुठल्या गावचं हे आडनावातूनच कळतं, आणि एखाद्या सिनेगॉगमध्ये एकाच भागातली आडनावं जास्त दिसली की ती वस्ती कुठून उठून आली याचा अंदाज बांधता येतो.

हिब्रू येत नसली तरी वर्ष मात्र तुम्ही वाचू शकता, अर्ध्या तासात शिकता येतं. हिब्रूत अक्षरांनाच किंमत असते, आलेफ 1 पासून योद 10 पर्यंत (त्यात वाव 6), मग दहाच्या पटीत, मेम 40, नून 50, आयिन 70, पुढे कोफ 100, रेश 200, शिन 300, ताव 400. बेरीज करायची. हजारातला पाचाचा आकडा बहुतेक लिहितच नाहीत, गृहीत धरतात. आलेल्या बेरजेत 1240 मिळवा की आपलं इसवी सन. उदाहरणार्थ ताव, रेश, आयिन म्हणजे 400 अधिक 200 अधिक 70, 670, त्यात 1240 मिळवले की 1910. ताव, कोफ, नून, वाव म्हणजे 556, झालं 1796. हिब्रू वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरात बदलतं म्हणून एक वर्ष इकडेतिकडे धरा. कधीकधी वर्ष सरळ न लिहिता धर्मग्रंथातलं एखादं वचन कोरतात आणि त्यातल्या ठरावीक अक्षरांवर टिंबं किंवा खुणा करतात, त्या खुणेच्या अक्षरांचीच बेरीज करायची. फोनमध्ये हिब्रू अक्षरांचा तक्ता सेव्ह करून न्या, पोरं बरोबर असतील तर त्यांना हे फार आवडतं.

1796 चं उदाहरण मुद्दाम घेतलं. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग त्या वर्षीचं, शाआर हाराहामीम, म्हणजे दयेचं दार, बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर, हिब्रू नाव सॅम्युअल एझिकेल. ते ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत अधिकारी होते, म्हैसूरच्या लढाईत टिपू सुलतानाच्या कैदेत पडले, आणि समाजात सांगतात ती गोष्ट अशी की हे बेने इस्रायली आहेत असं कळल्यावर टिपूच्या आईने त्यांचा जीव वाचवला, आणि सुटून आलो तर सिनेगॉग बांधीन असा नवस त्यांनी केला होता तो फेडला. पुढच्याच वर्षी, 1797 मध्ये, तोरा आणायला ते कोचीला गेले आणि तिथेच वारले. कोची म्हणजे 1568 चं परदेशी सिनेगॉग असलेलं गाव, प्रार्थना शिकवणारे गुरुजी, हझान आपल्याकडे तिथूनच यायचे. आजची इमारत मूळ जागेवर नाही, 1860 साली सिनेगॉग सध्याच्या जागी आलं, मस्जिद स्टेशनपासून चालत अंतरावर, आणि रस्त्याचं नाव सॅम्युअल स्ट्रीट. समाजातली जुनी माणसं त्याला जुनी मशीद म्हणायची, त्यामुळे पत्ता विचारताना कोणी वयस्कर माणूस असं बोलला तर तो चुकीचं सांगतोय असं समजू नका. मशिदीच्या नावाचं स्टेशन यावरूनच असंही बरेच जण सांगतात.

कोणी विचारेल की बेने इस्रायली लोक कोकणात इतके जुने, नवगावच्या किनाऱ्याशी जहाज फुटून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या ही त्यांची मूळ कथा, मग पहिलं सिनेगॉग थेट 1796 चं कसं? कारण गावोगाव दोन-चार घरं विखुरलेली, सगळं धर्मकार्य घरातच व्हायचं, आणि सार्वजनिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, मिन्यान म्हणतात त्याला. मुंबईत नोकरीधंद्याला माणसं एकत्र आली तेव्हा दहा जण रोज जमायला लागले आणि मग इमारत आली. त्यानंतर तीच माणसं पेन्शन घेऊन गावी परतली आणि कोकणात एकामागोमाग सिनेगॉग उभी राहिली, रेवदंडा 1842, अलिबाग 1848, पनवेल 1849. या इमारती बघताना एक लक्षात येईल, त्या बाहेरून गावातल्या बऱ्यापैकी घरांसारख्याच दिसतात, कौलं, ओटा, साधी खिडकी, आत मात्र तोच तेबा, तोच हेखाल, तीच गॅलरी.

आणि आता बाहेरच्या रूपाकडे येऊ, कारण इथे सगळा फरक ससून घराण्याने पाडला. डेव्हिड ससून बगदादहून आले, 1830 च्या दशकात मुंबईत स्थिरावले, कापूस आणि अफू यांच्या व्यापारात अफाट पैसा मिळवला, हे अफूचं तेवढं झाकून सांगू नये, या सुंदर इमारतींमागचा पैसा तिथलाही आहे. त्यांनी भायखळ्याला 1864 मध्ये मागेन डेव्हिड बांधलं, पुढे उंच खांबांचा पोर्च, वर घड्याळाचा मनोरा, सगळं निळं. लांबून कोणालाही चर्च वाटेल, कारण तेव्हा मुंबईत भारदस्त इमारत म्हणजे अशीच असं ठरून गेलं होतं. त्याच आवारात ससून घराण्याच्या शाळा आहेत आणि आज तिथे शिकणारी बहुतेक मुलं आजूबाजूच्या मुस्लिम वस्तीतली आहेत, शाळा सुटायच्या वेळी गेलात तर आवारात पाय ठेवायला जागा नसते, आणि मला तरी ते बघायला फार छान वाटतं.

काळा घोड्याचं केनेसेथ एलियाहू 1884 चं, डेव्हिड ससून यांचे नातू जेकब यांनी वडिलांच्या, एलियास ससून यांच्या नावाने बांधलं, आर्किटेक्ट गॉस्टलिंग आणि मॉरिस. इथे लक्ष द्यायची गोष्ट म्हणजे प्रार्थनेचा हॉल पहिल्या मजल्यावर आहे आणि बायकांची गॅलरी त्याच्याही वर, त्यामुळे रस्त्याचा गोंगाट खालीच राहतो. जमिनीच्या टाइल्स इंग्लंडच्या मिंटन कंपनीच्या, हेखालाच्या वर मोठी रंगीत काच. ती पश्चिमेची भिंत असल्यामुळे सकाळी जाण्यापेक्षा ऊन कलल्यावर जा, पण बंद व्हायची वेळ आधी विचारून घ्या. वर्षानुवर्षं ही इमारत आकाशी निळी होती, विकास दिलावरी यांच्या देखरेखीखाली काम होऊन 2019 मध्ये ती पुन्हा उघडली तेव्हा बाहेरचा रंग बदलला, जुन्या फोटोंशी जुळत नाही म्हणून भांबावू नका. दुरुस्ती कशी करावी याचा हा चांगला नमुना आहे, जुनं लाकूड, जुनी काच ठेवून केलेली.

पुण्याचं ओहेल डेव्हिड म्हणजे कॅम्पातलं लाल देऊळ, 1867 चं, लाल विटा, जोडीला काळा दगड, टोकदार कमानी आणि सुमारे 90 फुटांचा मनोरा. आर्किटेक्ट हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स, ससून हॉस्पिटलची जुनी इमारतही त्यांचीच, आणि मुंबईतलं जुनं सचिवालयही, ओव्हल मैदानासमोरचं, तिन्ही मनात शेजारी ठेवून बघा म्हणजे एकच हात ओळखू येतो. डेव्हिड ससून 1864 मध्ये पुण्यातच वारले, सिनेगॉग पूर्ण झालेलं त्यांनी बघितलं नाही, आवारातच त्यांची समाधी आहे, आत हिब्रू अक्षरं कोरलेली दगडी शवपेटी. वर्ष वाचायचा सराव तिथे करा.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. बगदादी श्रीमंत आणि बेने इस्रायली मध्यमवर्गीय, या दोन समाजांचं नेहमी जमलंच असं नाही, बगदाद्यांनी मुंबईत दफनभूमीत वेगळी भिंत मागितल्याची नोंद आहे, बेने इस्रायलींना आपल्या बरोबरीचं मानायला ते बराच काळ तयार नव्हते. म्हणून एकाच शहरात दोन-दोन सिनेगॉग दिसतात, पुण्यात कॅम्पात ओहेल डेव्हिड आणि रास्ता पेठेत बेने इस्रायलींचं सुक्काथ शेलोमो, 1921 चं. दोन्ही बघा, एकच बघून पुण्याचं झालं असं म्हणू नका. आता बगदादी जवळजवळ सगळे निघून गेलेत, आणि त्यांनी बांधलेल्या सिनेगॉगमध्ये दहा माणसांचं मिन्यान भरायला बेने इस्रायलीच येतात.

1948 नंतर हजारो कुटुंबं इस्रायलला गेली, लोद, अश्दोद, दिमोना, बीरशेबा या गावांत आजही मराठी ऐकू येते. इथे काही हजारच उरले, महाराष्ट्राने 2016 मध्ये त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. याचा तुमच्या भेटीशी थेट संबंध असा की कोकणातली बरीच सिनेगॉग एरवी कुलूपबंद असतात, किल्ली शेजारच्या घरात किंवा गावातल्या एखाद्याच कुटुंबाकडे. अलिबागला इस्रायल आळीत मागेन अबोथ आहे, 1848 चं, 1910 मध्ये नव्याने बांधलेलं, तिथे गेल्यावर आवाज न चढवता शेजारी विचारा, बहुतेक वेळा कोणीतरी येऊन उघडतं. उघडायला आलेल्या माणसाने दिवसाचं काम सोडलेलं असतं, तेव्हा दानपेटीत काहीतरी टाका, दुरुस्तीचा खर्च त्या मोजक्या घरांवरच पडतो.

मार्ग असा ठेवा. मुंबईचा एक दिवस, मध्य रेल्वेने आधी मस्जिदला उतरून सॅम्युअल स्ट्रीट, मग भायखळा, मग परत सीएसएमटीला येऊन चालत काळा घोडा, म्हणजे तिथे पोचेपर्यंत ऊन कललेलं असेल. ठाण्याचं शाआर हाशामाईम 1879 चं, टेंभी नाक्याजवळ, ते ठाणेकरांनी वेगळं कधीही करावं. दुसरा दिवस अलिबागचा, गेटवेहून मांडवा, तिथून बस. मांडवा-अलिबाग रस्त्यावरून नवगावचा फाटा लागतो, तिथली जुनी दफनभूमी आणि स्मारक आधी करा, मग अलिबाग, आणि वेळ उरला तर रेवदंडा. नवगावला दगडांवर चढू नका, त्यातल्या कित्येक साध्या दिसणाऱ्या दगडांखाली माणसं आहेत. गेटवेच्या लाँच पावसाळ्यात बंद असतात, तेव्हा भाऊच्या धक्क्याची रो-रो धरा, नाहीतर सरळ दिवाळी झाल्यावर जा, तोपर्यंत त्यांचे सणही संपलेले असतात आणि दार उघडायला माणूस मोकळा असतो.